घटनेत लिहिलेलं नाव



माझा भाचा नोकरीनिमित्त काही वर्षं घानाची राजधानी अक्रा इथे होता. परत येताना त्याने सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली (कोको तिकडचाच, त्यामुळे आणणारच), आणि माझ्या हातात एक जुनी नोट ठेवली. दहा सेडीची. म्हणाला, "मावशी, तू इतिहासाची बाई. यावरची माणसं कोण ते शोध."

नोटेवर एक नाही, दोन नाही, सहा चेहरे होते. आपल्याकडे नोटेवर एकटे गांधीजी, त्यामुळे मला गंमत वाटली. नोट डायरीत ठेवून दिली आणि शोधायला बसले. निवृत्त माणसाला वेळच वेळ. पण जसजशी वाचत गेले तसतशी गंमत कमी होत गेली आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही. म्हणून आज हा लेख. थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

घानात या सहा जणांना 'बिग सिक्स' म्हणतात. तेव्हा देशाचं नाव गोल्ड कोस्ट होतं आणि राज्य इंग्रजांचं. २८ फेब्रुवारी १९४८ ला महायुद्धातून परतलेले सैनिक आपल्या मागण्यांचा अर्ज घेऊन गव्हर्नरच्या वाड्याकडे निघाले. वाटेत पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तीन माजी सैनिक ठार झाले आणि शहरात दंगल उसळली. त्यावर सरकारने राष्ट्रीय चळवळीच्या सहा पुढाऱ्यांना पकडून विनाचौकशी डांबलं. क्वामे एन्क्रुमा, जे. बी. डांक्वा, ओबेत्सेबी-लाम्टे, आको अजेई, विल्यम ओफोरी-आटा आणि एडवर्ड अकुफो-अडो, अशी ही सहा माणसं. महिनाभराने सुटले तेव्हा ते सगळ्या देशाचे झाले होते. आपल्याकडच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला आपणही खांद्यावर घेतलं होतं.

आता पुढचं ऐका. या सहांपैकी एन्क्रुमा देशाचे पहिले नेते झाले. उरले पाच. त्यातल्या चौघांना एन्क्रुमांच्या राजवटीत पुन्हा तुरुंग पाहावा लागला आणि त्यातले दोघे कैदेतच वारले. पाचवे न्यायाधीश झाले होते, त्यांना घरी बसवण्यात आलं.

आणि आज हे सहाही जण एकाच नोटेवर शेजारीशेजारी.

हे झालं कसं? एन्क्रुमा दुष्ट होते का? मी जेवढं वाचलं त्यावरून तसं मुळीच वाटत नाही. ते मूळचे शिक्षक. आमच्याच धंद्यातले! अचिमोटाला शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन काही वर्षं त्यांनी शाळांमधून शिकवलं, मग १९३५ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले. १९४७ मध्ये डांक्वांच्या पक्षाला पूर्णवेळ चिटणीस हवा होता, तेव्हा एन्क्रुमांचं नाव आको अजेईंनी सुचवलं. (हे नाव लक्षात ठेवा.) पुढे मतभेद झाले आणि १९४९ मध्ये एन्क्रुमांनी स्वतःचा पक्ष काढला. १९५० मध्ये गांधीजींच्या मार्गावरून स्फूर्ती घेऊन बहिष्कार आणि संपाची चळवळ केली, पुन्हा तुरुंगात गेले, आणि १९५१ ची निवडणूक तुरुंगातूनच जिंकली. कोठडीतून निघालेला माणूस थेट सरकारचा प्रमुख झाला. ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडच्या वसाहतींमध्ये पारतंत्र्यातून सुटणारा हा पहिलाच देश. सगळ्या आफ्रिकेचे डोळे तिकडे लागले होते.

त्यांनी कामंही केली. प्राथमिक शाळांच्या फिया माफ केल्या, गावोगावी शाळा काढल्या. टेमाचं बंदर बांधलं, व्होल्टा नदीवर अकोसोम्बोचं प्रचंड धरण उभं केलं. आज घानात दिवा लागतो त्यात त्या धरणाचा वाटा आहे. हे सगळं मांडूनच पुढे जाते, नाहीतर एका बाजूचं लिहिलं असं व्हायचं.

तर सत्ता कशी वाढली? मी वर्गात फळ्यावर पायऱ्या काढायचे, तशाच काढते.

पहिली पायरी १९५७ ची. स्वातंत्र्याला सहा महिने झाले नव्हते. कुमासी शहरातल्या दोन मुस्लिम पुढाऱ्यांना सरकारने परदेशी ठरवून नायजेरियाला पाठवायचं ठरवलं. ते कोर्टात गेले. प्रकरण कोर्टात चालू असताना संसदेने त्या दोघांसाठी खास कायदा केला आणि त्यांची रवानगी झाली. दोनच माणसं. देशभर किती जणांना त्याचं काही वाटलं असेल?

त्याच वर्षाच्या शेवटी दुसरा कायदा झाला. धर्म, जमात किंवा प्रांत यांच्या नावावर पक्ष काढता येणार नाही. ऐकायला किती छान! आपल्यापैकी निम्मे लोक आजही म्हणतील, असाच कायदा हवा. पण घानातले बहुतेक विरोधी पक्ष प्रांतांचेच होते. ते सगळे गुंडाळून एक पक्ष करावा लागला.

तिसरी पायरी प्रांतांची. नव्या घटनेत अशी तरतूद होती की महत्त्वाचे बदल करायचे तर प्रादेशिक विधानसभांची संमती हवी. विरोधकांनी त्या विधानसभांच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला (बहिष्कार टाकणाऱ्याचं नुकसानच जास्त होतं, हे आपणही पाहिलंय). मग सभागृहं सरकारी पक्षाच्या ताब्यात गेली आणि त्या सभागृहांनी स्वतःच्याच विसर्जनाला संमती दिली. कुलपाची किल्ली ज्याच्यापासून लपवायची त्याच्याच हाती ठेवल्यासारखं झालं.

चौथी पायरी जुलै १९५८ ची. प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा. देशाच्या सुरक्षेला धोका आहे असं सरकारला वाटलं, की नागरिकाला पाच वर्षांपर्यंत खटल्याशिवाय आत ठेवता येईल. पाच वर्षं! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून विरोधी पक्षाची माणसं आत जायला लागली.

इथे एन्क्रुमांची बाजूही सांगायला हवी. अशांती प्रांतात १९५४ पासून वेगळेपणाची चळवळ चालू होती. बाँब फुटत होते, दोन्हीकडची माणसं मारली जात होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये खुद्द एन्क्रुमांच्या घरावर बाँब टाकला गेला. भीती खोटी नव्हती. आणि प्रत्येक कायदा संसदेत रीतसर मांडून, मतं घेऊन मंजूर झाला. १९५६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १०४ पैकी ७१ जागा होत्या. कुठेही रणगाडा आला नाही, कुणी रात्रीतून गादी बळकावली नाही. सगळं नियमाने. मला झोप लागली नाही ती याच गोष्टीने.

पाचवी पायरी सगळ्यात मोठी. १९६० मध्ये देश प्रजासत्ताक झाला. एप्रिलमध्ये नव्या घटनेवर आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी एकदमच मतदान झालं. उमेदवार दोन. एन्क्रुमा आणि त्यांना एके काळी देशात बोलावून घेणारे डांक्वा. एन्क्रुमांना १०,१६,०७६ मतं, डांक्वांना १,२४,६२३. आणि ती घटना वाचलीत तर चकित व्हाल. तिच्या दहाव्या कलमात चक्क नाव लिहिलेलं होतं, की क्वामे एन्क्रुमा यांची घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. राष्ट्राध्यक्षाने कुणाचा सल्ला मानलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. सरकारी नोकरांच्या नेमणुका, बढत्या, बडतर्फी त्याच्याच हाती. आणि ५५ वं कलम फक्त 'पहिल्या राष्ट्राध्यक्षां'साठी होतं. देशहितासाठी गरज वाटली तर पहिल्या राष्ट्राध्यक्षांना संसदेला न विचारता हुकूम काढून कुठलाही कायदा बदलता येईल. घटना सोडून कुठलाही!

म्हणजे कलम पदासाठी नव्हतंच, माणसासाठी होतं. ज्याने स्वातंत्र्य आणलं तो काय चुकीचं करणार, असा विश्वास थेट कायद्यात उतरवला.

मंडळी, शाळेत मॉनिटर नेमताना मी एक गोष्ट पाहिलीय. शहाणा, गुणी मुलगा निवडायचा आणि बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम त्याला द्यायचं. इथवर ठीक. मग एखाद्या बाई म्हणतात, "गुणीच आहे हो पोरगा, शिक्षाही त्यालाच करू दे." महिन्याभरात वर्गातली मुलं बाईंकडे तक्रार घेऊन येईनाशी होतात. आता वर्ग शांत झाला असं बाईंना वाटतं. मुलगा वाईट निघाला असंही नसतं. त्याला 'तू चुकलास' असं सांगणारं कुणी उरत नाही, एवढंच.

घानात सांगणारे एकेक करून कमी होत गेले ते असे.

अशांतीचे एक पुढारी बाफोर ओसेई अकोतो आणि इतर सात जणांना १९५९ मध्ये स्थानबद्ध केलं होतं. त्यांची बाजू घेऊन डांक्वा सुप्रीम कोर्टात उभे राहिले. डांक्वा मोठे वकील आणि विद्वान. गोल्ड कोस्टचं नाव घाना झालं त्यातही त्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा. त्यांचा मुद्दा असा होता की पद स्वीकारताना राष्ट्राध्यक्षांनी घटनेप्रमाणे स्वातंत्र्य आणि न्यायाची जाहीर प्रतिज्ञा केली आहे, तेव्हा हा कायदाच तिच्याविरुद्ध जातो. ऑगस्ट १९६१ मध्ये सरन्यायाधीश सर आर्कू कोर्सा यांच्या पीठाने निकाल दिला. त्याचा आशय असा, की ती प्रतिज्ञा नैतिक बंधन आहे, कोर्टाला ती अंमलात आणता येणार नाही. राष्ट्राध्यक्षांनी ती मोडली असं लोकांना वाटत असेल तर त्यांनी मतपेटीतून सांगावं.

निकालानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ऑक्टोबर १९६१ मध्ये, डांक्वांना त्याच कायद्याखाली आत टाकलं.

त्याच महिन्यात राजकीय गुन्ह्यांसाठी वेगळं कोर्ट काढण्याचा कायदा आला. त्याच्या निकालावर अपील नाही. एन्क्रुमा तुरुंगात असताना ज्यांनी त्यांचा पक्ष सांभाळला होता, ते जुने सहकारी ग्बेडेमा यांनी संसदेत उभं राहून विरोध केला. मग त्यांना देश सोडावा लागला. विरोधकांवर चाललेलं चाक आता घरच्यांपर्यंत आलं होतं.

१ ऑगस्ट १९६२ ला कुलुंगुगू नावाच्या गावी एन्क्रुमांवर बाँब टाकला गेला. ते जखमी झाले. त्यानंतर पकडले गेलेल्यांमध्ये त्यांचे दोन मंत्री आणि पक्षाचे एक मोठे पदाधिकारी होते. त्यातला एक मंत्री कोण, तर आको अजेई. परराष्ट्रमंत्री. ज्यांनी एन्क्रुमांचं नाव सुचवलं होतं ते. १९५८ चा स्थानबद्धता कायदा ज्या सरकारने आणला त्यात तेही मंत्री होते. तो कायदा करताना त्यांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण हा आपल्याला लागू होईल असं नक्कीच नसणार.

खटला त्या खास कोर्टापुढे चालला. न्यायाधीश तीन. सरन्यायाधीश कोर्सा, व्हॅन लेअर आणि अकुफो-अडो (हे नोटेवरचे). डिसेंबर १९६३ मध्ये त्यांनी तिघांनाही पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. दोनच दिवसांत एन्क्रुमांनी कोर्सांना सरन्यायाधीशपदावरून काढलं. बेकायदा? नाही. घटनेतच लिहिलं होतं की सरन्यायाधीशपदाची नेमणूक राष्ट्राध्यक्षाला रद्द करता येईल. मग संसदेने घाईघाईने आणखी एक कायदा केला आणि तो निकालच राष्ट्राध्यक्षांनी रद्दबातल ठरवला. खटला पुन्हा चालवला. १९६५ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि ती एन्क्रुमांनी वीस वर्षांच्या कैदेवर आणली.

कोर्सांचा विचार माझ्या मनातून जात नाही. १९६१ मध्ये त्यांनी म्हटलं, हे आमचं काम नाही, लोकांनी मतपेटीतून बघावं. दोन वर्षांनी त्यांनी धीर करून सरकारला नको असलेला निकाल दिला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभं राहायला ना वकील उरला होता, ना विरोधी पक्ष, ना मतपेटी. मतपेटीचं काय झालं तेही सांगते. जानेवारी १९६४ मध्ये जनमत घेतलं. देशात एकच पक्ष असावा का, आणि राष्ट्राध्यक्षाला न्यायाधीश काढता यावेत का. 'हो' म्हणणारे २७,७३,९२०. 'नाही' म्हणणारे २,४५२. शेकडा ९९.९१! आमच्या शाळेत दहावीचा असा निकाल लागला असता तर बोर्डाने चौकशी लावली असती. त्यानंतर अकुफो-अडोंना न्यायाधीशपदावरून काढलं. १९६५ ची सार्वत्रिक निवडणूक तर झालीच नाही. पक्षाने १९८ नावं दिली, तीच निवडून आली असं जाहीर केलं.

डांक्वा १९६२ मध्ये सुटले होते. जानेवारी १९६४ मध्ये एका पोलीस शिपायाने एन्क्रुमांवर गोळ्या झाडल्या, त्यानंतर डांक्वांना पुन्हा धरलं. ४ फेब्रुवारी १९६५ ला न्सावामच्या तुरुंगात ते वारले. वय ६९. खटला नाही, आरोपपत्र नाही. ओबेत्सेबी-लाम्टे त्याआधीच, १९६३ च्या जानेवारीत, कॅन्सरने स्थानबद्धतेतच गेले होते.

इथे मला थोडं आपल्याकडचं सांगायचं आहे. १९७५ साली मी नोकरीला नवीन होते. आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. शांत माणूस, खादीचा सदरा, सायकल. आणीबाणी लागल्यावर एका रात्री त्यांना मिसाखाली नेलं. सकाळी प्रार्थनेला आम्ही उभे, आणि त्यांची जागा रिकामी. त्यांचे तास आम्ही वाटून घेतले. माझ्या वाट्याला आठवी ब आली. मुलं रोज विचारायची, "बाई, सर कधी येणार?"

एकदा सरांच्या बायकोकडे गेले होते. त्या म्हणाल्या, "शिक्षा झाली असती ना, तर कॅलेंडरवर खूण केली असती." एवढंच. मला त्या वाक्याचा अर्थ तेव्हाही कळला होता, पण डांक्वांबद्दल वाचताना तो पुन्हा अंगावर आला. चोराला सुटकेची तारीख असते. स्थानबद्ध माणसाला ती नसते. त्याच्या घरच्यांनी वाट तरी कशी बघायची?

सर १९७७ च्या सुरुवातीला सुटून आले. दुसऱ्या दिवशी सायकलवरून शाळेत आले आणि मस्टरवर सही केली. आमच्याकडे सर परत आले. न्सावामहून डांक्वा आले नाहीत.

माझी नात पुण्यात कायदा शिकते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, पण नव्या देशाला भक्कम नेता लागतोच ना? नाहीतर देश फुटला असता. आपल्याकडेही स्थानबद्धता कायदा होताच की." बरोबर आहे तिचं. आपल्या घटनेच्या २२ व्या कलमातच त्याला जागा आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये, घटना लागू होऊन महिनाभरात, सरदार पटेलांनी तो कायदा आणला आणि ए. के. गोपालन यांच्यासारखे कम्युनिस्ट पुढारी त्याखाली आत होते. तेव्हा आपण फार वरून बोलू नये. पण आपल्या कायद्याची मुदत एका वर्षाची होती. वाढवायची तर सरकारला पुन्हा संसदेसमोर यावं लागे, विरोधकांचं ऐकून घ्यावं लागे. स्थानबद्धाचं प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यावं लागे. पुढे जास्तीत जास्त बारा महिन्यांची मर्यादाही आली. कायदा वाईटच, पण त्याला कुणीतरी विचारणारं होतं. शेवटी १९६९ च्या अखेरीस तो संपला.

नेहरूंची लोकप्रियता काही एन्क्रुमांपेक्षा कमी नव्हती. पण १९३७ मध्ये त्यांनीच 'चाणक्य' या टोपणनावाने मॉडर्न रिव्ह्यूमध्ये लेख लिहून लोकांना सावध केलं होतं, की हा जवाहरलाल हुकूमशहा होऊ शकतो, त्याला जास्त चढवू नका. आणि बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावलं, की राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता आहे. दोघांचं म्हणणं एकच. चांगल्या माणसाचीच जास्त भीती बाळगा, कारण वाईटाला आपण तसंही काही देत नाही.

नातीला मी हेही सांगितलं, की आपणही वाचलो नाही. स्थानबद्धता कायदा गेला, तर १९७१ मध्ये मिसा आला. आणीबाणीत त्यात अशी दुरुस्ती झाली की कारण सांगायचीही गरज उरली नाही. एप्रिल १९७६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्धाला कोर्टाकडे दाद मागता येणार नाही. कोर्सांच्या १९६१ च्या निकालाची बहीणच! वेगळं मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. नात म्हणाली, "आजी, हे आम्हाला परीक्षेला असतं." म्हटलं, असू दे, पण परीक्षेनंतरही लक्षात ठेव.

फरक पडला तो मार्चमध्ये. निवडणूक झाली, लोकांनी सरकार बदललं. १९७८ मध्ये ४४ वी दुरुस्ती होऊन जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही असं ठरलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो १९७६ चा निकाल स्वतःच पुसून टाकला. आपल्याकडे परत फिरायची वाट उघडी राहिली होती. एन्क्रुमांनी घानात ती वाट बंद केली, आणि ती बंद झाल्यावर त्यांना स्वतःलाही परत फिरता आलं नाही. २४ फेब्रुवारी १९६६ ला व्हिएतनाम युद्धात मध्यस्थी करायला हनोईला निघालेले असताना मागे लष्कराने सत्ता घेतली. संसदेसमोरचा त्यांचा पुतळा लोकांनी पाडला. शेकडो स्थानबद्ध सुटले, आको अजेईही सुटले. आणि नव्या लष्करी राजवटीने काय केलं? एन्क्रुमांच्या माणसांना विनाचौकशी आत टाकलं. फक्त नाव बदललं, 'संरक्षक कोठडी'. पायवाट पडलेलीच होती. एन्क्रुमा पुन्हा कधी मायदेशी आले नाहीत. १९७२ मध्ये बुखारेस्टला वारले.

घानाने पुढे बरंच सोसलं, अनेक लष्करी उठाव पाहिले. पण १९९२ च्या घटनेत त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं की एकपक्षीय राज्याचा कायदा करायचा अधिकार संसदेलाच नाही, आणि राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ. तेव्हापासून तिथे मतदानाने सरकारं बदलतात. नोटेवरच्या अकुफो-अडोंचे चिरंजीव २०१७ ते २०२५ राष्ट्राध्यक्ष होते, आणि मुदत संपल्यावर पायउतार झाले.

असो. फार लांबलं. नागरिकशास्त्र शिकवताना मी मुलांना घोकायला लावायचे, विधिमंडळ, कार्यमंडळ, न्यायमंडळ. दोन मार्कांचा प्रश्न. आता वाटतं की पुन्हा वर्ग मिळाला तर एकच गृहपाठ देईन. वर्तमानपत्रातला कुठलाही नवा कायदा घ्या, सरकारला नव्याने मिळणारा कुठलाही अधिकार घ्या. तो आणणारं माणूस तुम्हाला आवडतं की नाही ते बाजूला ठेवा. तुम्हाला सगळ्यात नको असलेल्या माणसाचं नाव तिथे लिहा आणि मग तो कायदा पुन्हा वाचा. तरीही बरा वाटला तर होकार द्या.

नातीने हा गृहपाठ केला म्हणे, तिच्या होस्टेलच्या मैत्रिणींना घेऊन. रात्री एक वाजेपर्यंत भांडल्या. मला बरं वाटलं.